संशोधन अनुदान : पैसा कुठून येतो आणि विद्यापीठात कुठे अडतो

आपल्या समाजातील अनेक तरुण आज विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक आहेत. पीएच.डी. झालेली असते, विषयही हाताशी असतो. पण बाहेरून निधी आणून स्वतःचा प्रकल्प उभा करायचा म्हटले की पुष्कळांची गाडी पहिल्या अर्जापाशीच थांबते. म्हणून ही यंत्रणा नीट समजून घेतली पाहिजे.

बाहेरचा निधी म्हणजे विद्यापीठाच्या अर्थसंकल्पाबाहेरून, विशिष्ट प्रकल्पासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी आलेला पैसा. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी पूर्वी 'सर्ब' ही केंद्रीय संस्था होती. २०२३ च्या कायद्याने तिची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने (एएनआरएफ) घेतली. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट जाहीर झाले असले तरी त्यातला मोठा वाटा उद्योग व इतर खासगी स्रोतांतून यावा अशी अपेक्षा आहे, हे विसरू नये. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ पासूनची आयसीएसएसआर आणि इतिहासासाठी १९७२ पासूनची आयसीएचआर आहे. लेणी, शिलालेख किंवा धम्माचा इतिहास यांवर काम करणाऱ्यांनी आधी आयसीएचआरकडे पाहावे.

अर्ज प्राध्यापक करतो, पण अनुदान संस्थेला मिळते. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथेच आहे. अर्जासोबत संस्थाप्रमुखाचे संमतिपत्र लागते, मंजुरी आदेश निघाला की पैसा संस्थेच्या खात्यात येतो आणि खर्च वित्त व लेखा विभागामार्फत होतो. प्रमुख संशोधक विषयात कितीही तज्ज्ञ असला, तरी एक उपकरण घ्यायला त्याला खरेदी समितीच्या सह्या गोळा कराव्या लागतात.

चांगले विद्यापीठ इथे मदत करते. त्याच्या संशोधन कक्षात अंदाजपत्रक तपासून देणारा माणूस असतो, नव्या प्राध्यापकाला सुरुवातीचे छोटे अनुदान मिळते, तासिकांचा भार हलका होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यासाठी स्वतंत्र संचालकपद आहे. पद आहे म्हणजे काम होतेच असे नाही, हा भाग वेगळा. नॅकच्या मूल्यांकनात बाहेरून आणलेल्या निधीला गुण असतात, त्यामुळे भेटीच्या वर्षी संशोधन कक्ष अचानक जागा होतो!

प्रकल्पाच्या रकमेवर संस्थेला 'ओव्हरहेड' म्हणून काही टक्के मिळतात. वीज, जागा, प्रशासन यांचा हा मोबदला. तो संशोधनाच्या सोयींवर परत खर्च व्हावा ही अपेक्षा असते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तो सर्वसाधारण निधीत मिसळून जातो.

सर्वांत जास्त फटका बसतो तो प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकांना. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचा दर दरमहा ३७,००० रुपये आहे. पण पुढचा हप्ता येण्यासाठी आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र जावे लागते. केंद्राच्या वित्तीय नियमांत (जीएफआर २०१७) त्यासाठी १२-ए हा नमुना आहे. लेखा विभागाने ते कागद तीन महिने दाबून ठेवले, तर तीन महिने पगार लांबतो. घरून आधार असलेला विद्यार्थी हे सोसतो. पहिल्या पिढीतला विद्यार्थी काम सोडतो, आणि कागदावर त्याचे कारण 'वैयक्तिक' असे लिहिले जाते.

आता पात्रतेविषयी. बहुतेक योजनांना नियमित पद लागते. म्हणजे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे दारातूनच परत जातात, आणि त्यांत आपली मुले किती आहेत हे वेगळे सांगायला नको. महाविद्यालयाला यूजीसीची १२(बी) मान्यता आहे का, हेही पाहावे. ती नसेल तर यूजीसीचे अनुदान मिळत नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी सर्बची स्वतंत्र 'ईईक्यू' योजना होती, आणि एएनआरएफने त्याच वर्गासाठी 'इन्क्लुझिव्हिटी रिसर्च ग्रँट' आणली. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे आपण पात्र आहोत. मात्र दाखला केंद्राच्या नमुन्यातच हवा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवा.

कार्यकर्त्यांनाही इथे काम आहे. सरकारी विद्यापीठाला माहिती अधिकार कायदा, २००५ लागू आहे. गेल्या पाच वर्षांत किती प्रकल्प आले, ओव्हरहेडची रक्कम किती जमली आणि कशावर खर्च झाली, किती उपयोगिता प्रमाणपत्रे प्रलंबित आहेत, प्रकल्प कर्मचाऱ्यांचे किती महिन्यांचे मानधन थकले आहे, हे चार प्रश्न एका अर्जात बसतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आले नाही, तर त्याच विद्यापीठाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.