जोत्यांचा राजवाडा

विचुंब्याहून आम्ही चौघे पहाटे रायगडला निघालो. वर पोचल्यावर व्हिएन्नाचा शोनब्रुन पाहून आलेला मित्र वैतागलाच, "अरे, इथे राजवाडा कुठाय? नुसती जोती!"

आता गंमत बघा. नेपोलियनने १८०५ आणि १८०९ मध्ये व्हिएन्ना घेतलं आणि शोनब्रुनमध्येच मुक्काम ठोकला. राहायचं घर कोण जाळणार? इकडे मे १८१८ मध्ये कंपनीच्या फौजेने रायगडावर तोफा डागल्या आणि लाकडी राजवाडा पेटला. उरले दगड.

कहर म्हणजे १६७४ च्या राज्याभिषेकाला याच कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर होता. नगारखान्यापुढचे हत्ती पाहून चक्रावला, एवढ्या अवघड वाटेने हे वर आलेच कसे! तो नगारखाना अजून उभा आहे.