रूळ जिथे संपतात

जपानमध्ये एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने अख्खं स्टेशन चालू ठेवलं, ही पोस्ट तुम्हीही कधीतरी फॉरवर्ड केली असेल. होक्काइदो बेटावरचं ते क्यू-शिराताकी स्टेशन मार्च २०१६ मध्ये, शाळेचं वर्ष संपताना बंद झालं. सोशल मीडियाने गोष्टीला थोडी फोडणी दिली हे खरं. पण ती एवढी पसरली, कारण रेल्वे माणसांसाठी असते असं आपल्याला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या आडगावांत रूळ आले ते मात्र मालासाठी.

अचलपूरचंच घ्या. मेळघाटच्या पायथ्याचं हे शहर एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. पण कापूस पिकत होता आतल्या गावांत. तो मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने अरुंद रूळ टाकले. १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ, १९१३ मध्ये मूर्तिजापूर ते अचलपूर, १९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी.

मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फुटांचे, हे अडीच फुटांचे. म्हणजे मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायची. तरी हा खटाटोप परवडत होता, कारण अरुंद मार्ग स्वस्तात बांधता येतो.

पुढे कापूस ट्रकमधून जाऊ लागला. गाडीत उरली माणसं. दर्यापूर, अंजनगावच्या लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हणायला सुरुवात केली. सुमारे ७६ किलोमीटरला चार तास. वाटेत फाटक आलं की गाडी थांबायची, कर्मचारी उतरून फाटक लावायचे, गाडी पुढे काढून पुन्हा उघडायचे. यवतमाळच्या मार्गावर तर १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन थेट १९९४ पर्यंत धावलं. तिकीट एसटीपेक्षा स्वस्त, म्हणून ज्यांच्याकडे पैशापेक्षा वेळ जास्त होता, त्यांची ती गाडी.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण हे रूळ खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाड्या भारतीय रेल्वे चालवत होती. सॉफ्टवेअरमधल्या कुणालाही इथली गडबड लगेच कळेल. सिस्टिमचा मालक एक, चालवणारा दुसरा, मग मेंटेनन्स कुणी करायचा? रूळ झिजत गेले, वेग घटत गेला आणि शेवटी गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून तिथल्या लोकांनी आंदोलनं केली.

आता आमच्या मुळशीकडे या. मालेला आज रेल्वे नाही. पुण्याहून ताम्हिणीकडे जाणारे पर्यटक इथून धरणाचं पाणी बघत पुढे निघून जातात. पण शंभर वर्षांपूर्वी या धरणाच्या कामासाठीही रूळ टाकले होते. टाटांच्या वीज प्रकल्पाखाली मावळ्यांची भातखाचरं बुडणार होती, म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. १९२४ च्या अखेरीस त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि त्यापायी सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीज केंद्र सुरू झालं आणि मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला जाऊ लागली. काम संपल्यावर त्या रुळांची गरज उरली नाही.

वऱ्हाडात लोकांनी गाडी बंद होऊ नये म्हणून आंदोलन केलं, मुळशीत गाडी चालू नये म्हणून. वरवर ही दोन टोकं वाटतात, पण तक्रार एकच होती. रूळ कुठून कुठे जाणार, ते कधी येणार आणि कधी जाणार, हे ठरवताना तिथल्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. अचलपूरकरांनी निदान कापसाच्या गाडीत आपली जागा करून घेतली. मुळशीच्या गाडीत मावळ्यांसाठी तेवढीही जागा नव्हती.

जपानची ती पोस्ट पुन्हा आली, तर आवडीने पुढे पाठवा. सोबत शकुंतलेचा एखादा फोटोही जोडा. त्या गाडीतूनही पोरं शाळेला जात होती.