कलालाऊची पायवाट आणि पीइलानीची साक्ष

१/ हवाई बेटसमूहातील कावाई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर सुमारे १८ किलोमीटरांची एक पायवाट आहे. एका बाजूस हिरवे उभे कडे, दुसऱ्या बाजूस प्रशांत महासागर. वाट संपते ती कलालाऊच्या खोऱ्यात. जगभरातून पदभ्रमणासाठी येणारे लोक या भूमीला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात. आजचा धागा या विशेषणाविषयी.

२/ खोऱ्यात शिरल्यावर झाडीत दगडी बांधांच्या ओळी दिसतात. ही अळूची खाचरे. अळूचा कंद हे हवाईयन लोकांचे मुख्य अन्न. आपल्या भातखाचरांप्रमाणेच तेथेही पाणी खेळवून पीक घेत. शतकानुशतके नांदती असलेली ही वस्ती विसाव्या शतकाच्या आरंभी उठली.

३/ १८६५ साली हवाईच्या राजसत्तेने कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा केला. रुग्णांची रवानगी मोलोकाई बेटावरील कालाउपापा येथे होई. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे कडा. सुमारे आठ हजार माणसे तेथे गेली. ही सक्ती १९६९ साली संपली.

४/ कोओलाऊ हा कावाईवरील गुराखी. त्याला कुष्ठरोग झाल्याचे निदान झाले. पत्नी पीइलानी सोबत येणार असेल तर जाण्यास तो तयार होता. परवानगी नाकारली गेली. तेव्हा दोघे लहानग्या मुलासह डोंगरमाथ्यावरून कडा उतरून कलालाऊत आले. पुढे मुलालाही तोच आजार जडला.

५/ जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानी पदच्युत झाली व हंगामी सरकार आले. त्याच वर्षी जूनमध्ये अटकेसाठी आलेला पोलीस अधिकारी लुई स्टोल्झ कोओलाऊच्या गोळीने ठार झाला. सरकारने तोफेसह सैनिक धाडले. खोऱ्यातील इतर रुग्णांना नेण्यात आले. तीन सैनिक दगावले; त्यांपैकी एक स्वतःच्याच बंदुकीच्या अपघाताने. अखेर तोफांचा मारा करूनही कुटुंब हाती न लागल्याने फौज परतली.

६/ त्यानंतर तिघे त्याच खोऱ्यात लपून राहिले. आधी मुलगा गेला, मग कोओलाऊ. दोघांनाही पीइलानीने स्वतःच्या हातांनी माती दिली आणि ती एकटी कडा चढून घरी परतली.

७/ जगाला ही कहाणी ठाऊक झाली ती मुख्यतः जॅक लंडनच्या १९०९ च्या कथेमुळे. त्यात कोओलाऊ एकाकी मरतो. वस्तुतः पीइलानीने सांगितलेली हकिकत जॉन शेल्डन यांनी लिहून घेतली आणि १९०६ सालीच ती हवाईयन भाषेत प्रसिद्ध झाली होती. तिचा इंग्रजी अनुवाद होण्यास मात्र कित्येक दशके लागली.

८/ अर्थात साधन म्हणून ही हकिकतही पारखूनच वाचावी लागते. निवेदन पीइलानीचे असले तरी लेखणी शेल्डन यांची. शोकाची अलंकृत भाषा कुठे कोणाची, हे वेगळे करणे सोपे नाही. तरीही शेवटच्या वर्षांचे वर्णन करू शकणारी जिवंत साक्षीदार ती एकच होती.

९/ साक्ष उपलब्ध नव्हती असे नाही. ती जिच्यात होती ती भाषा बाहेरच्यांनी वाचली नाही. देशी भाषांतील साधनांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे. कलालाऊचे सौंदर्य खरेच आहे. पण ‘अस्पर्श’ म्हणण्यापूर्वी ते दगडी बांध पाहावेत.