सात संकेतांकांची हिंगोली : स्क्रिप्टिंग भाषांच्या खिडक्या-बटणांचा इतिहास

#धागा #संगणकाचा_इतिहास

१/१७
संगणकाच्या स्मृतीत ‘हिंगोली’ हा शब्द सात संकेतांकांच्या रूपाने साठवला जातो : ह, पहिली वेलांटी, अनुस्वार, ग, ओकार, ल आणि दुसरी वेलांटी. स्मृतीत पहिली वेलांटी ‘ह’च्या नंतर येते; पडद्यावर मात्र ती ‘ह’च्या आधी दिसावी लागते. ही अदलाबदल कोणीतरी करावी लागते. विंडोजवर एखाद्या प्रोग्रामच्या बटणावर ‘हिंगोली’ शुद्ध उमटते आणि तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, लिनक्सवर चालवला की वेलांटी ‘ह’ सोडून ‘ग’कडे सरकते. असे अनेक वर्षे घडत आले. त्यामागचा इतिहास या धाग्यात.

२/१७
हिंगोली हे नाव येथे आणखी एका कारणाने आले आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. अशा वेधशाळेचे आयुष्य दशकांत मोजतात. तिच्या नियंत्रण कक्षातील पडदे ज्या सॉफ्टवेअरवर उभे असतात, त्यालाही तितकेच जगावे लागते.

३/१७
प्रारंभ १९८० च्या दशकात झाला. १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘एक्स’ ही खिडक्यांची प्रणाली जन्मली. पडद्यावर रेषा, चौकटी आणि अक्षरे काढण्याची सोय तिने दिली. बटण किंवा मेनू कसा असावा, हे मात्र तिने ठरवले नाही. ती उणीव भरून काढणाऱ्या तयार घटकांच्या संचाला ‘टूलकिट’ म्हणतात. दशकाच्या अखेरीस आलेले ‘मोटिफ’ हे त्यांतले एक बलाढ्य टूलकिट. ते वापरायचे तर सी भाषेत लिहावे लागे आणि एका साध्या बटणासाठीही बरीच जुळवाजुळव करावी लागे.

४/१७
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरातील प्राध्यापक जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये ‘टिकल’ ही लहानशी स्क्रिप्टिंग भाषा घडवली. त्यांच्या गटाने तयार केलेल्या प्रत्येक साधनाला स्वतःची ओबडधोबड आज्ञाभाषा असे. त्या सर्वांच्या जागी एकच भाषा असावी, हा हेतू होता. लवकरच त्यांनी तिला खिडक्या-बटणांची जोड दिली. ती जोड म्हणजे ‘टीके’. बटण तयार करणे, त्यावर मजकूर लिहिणे आणि ते दाबल्यावर काय घडावे हे सांगणे, एवढे सगळे आता एका ओळीत मावू लागले. या कार्याला एसीएम या संस्थेचा १९९७ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार लाभला.

५/१७
स्क्रिप्टिंग भाषा आणि टूलकिट यांचे इतके जमले कसे? खिडक्यांचा प्रोग्राम बहुतेक काळ काहीच करत नाही. तो वाट पाहत असतो. कोणी कळ दाबली, माउस हलवला किंवा खिडकी मोठी केली की त्याला उत्तर द्यावे लागते. चित्र काढण्याचे जड काम सी भाषेतील टूलकिट करते. ‘हे घडले तर ते कर’ एवढेच सांगणे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या वाट्याला येते आणि त्यासाठी हलकी, लगेच बदलून पाहता येणारी भाषा पुरते. म्हणूनच ज्यांचा मूळ व्यवसाय संगणकाचा नव्हता, असे शास्त्रज्ञ आणि अभियंतेही आपापल्या खिडक्या स्वतः रचू लागले.

६/१७
१९९१ मध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन भाषा प्रसिद्ध केली. तिच्यासाठी नवे टूलकिट घडवण्याऐवजी टीकेलाच पायथनचा पेहराव चढवण्यात आला. हे काम स्टीन लुमहोल्ट यांनी सुरू केले, रॉसम यांनी पुढे नेले आणि त्यातून ‘टीकेइंटर’ साकारले. पायथनसोबतच ते मिळत असल्याने जगभरातील असंख्य विद्यार्थ्यांची पहिली खिडकी याच मार्गाने उघडली. पायथनबरोबर येणारा ‘आयडल’ हा संपादकही त्यावरच उभा आहे. मात्र टीकेइंटरच्या आत आजही टिकलचा अर्थबोधक चालतो. एका भाषेचे घर दुसरीच्या पायावर उभे आहे.

७/१७
तोपर्यंत टीके प्रामुख्याने युनिक्सवर नांदत होते. १९९४ मध्ये औस्टरहाउट सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत गेले आणि १९९६ च्या टीके ४.१ आवृत्तीने विंडोज आणि मॅकिंटॉश या दोन्ही भूमींवर पाऊल ठेवले. ‘एकदा लिहा, सर्वत्र चालवा’ हे वचन येथून सुरू झाले. फिरत्या नाटक मंडळीला प्रत्येक गावच्या रंगमंचाचे मोजमाप वेगळे मिळते आणि प्रेक्षकांना मात्र तेच नाटक दिसावे लागते. टूलकिटची अवस्था तशीच असते. त्यातही येथे रंगमंचांचे मालक न सांगता खांब हलवतात.

८/१७
हे वचन पाळण्याचे दोन मार्ग निघाले. १९९२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी ‘डब्ल्यूएक्स’ हे टूलकिट सुरू केले. त्याचा मार्ग असा की विंडोजवर विंडोजचेच बटण मागून घ्यावे आणि लिनक्सवर तेथले. दुसरा मार्ग नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीच्या ‘क्यूट’चा. १९९५ मध्ये आलेल्या या टूलकिटने बहुतेक घटक स्वतःच रंगवावेत आणि त्यांना स्थानिक रूप द्यावे, असे ठरवले. पहिल्या मार्गात प्रत्येक प्रणालीच्या लहरी सांभाळाव्या लागतात. दुसऱ्यात प्रत्येक रेषेची जबाबदारी स्वतःवर येते. अक्षरेही त्या रेषांतच आली.

९/१७
ही टूलकिटे सी++ भाषेतील होती. त्यांना पायथनशी जोडणारा दुवा रॉबिन डन यांनी डब्ल्यूएक्ससाठी घडवला आणि फिल थॉम्प्सन यांनी १९९८ मध्ये क्यूटसाठी. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ अवतरली. जुने दुवे तिच्यावर चालेनात. डब्ल्यूएक्सपायथनची नव्याने उभारलेली चौथी आवृत्ती आली ती २०१८ मध्ये. क्यूटची मालकी २००८ मध्ये नोकियाकडे गेली आणि काही वर्षांतच डिजिया या फिनिश कंपनीकडे. हजारो प्रोग्रामांचा चेहरा कधी मोजक्या माणसांच्या चिकाटीवर टिकला, तर कधी कंपन्यांच्या सौद्यांत हेलकावे खात राहिला.

१०/१७
महाराष्ट्राशी या इतिहासाचा थेट संबंध पवईत येतो. प्रभू रामचंद्रन यांनी मद्रासच्या आयआयटीत संशोधन करीत असताना ‘मायावी’ हे सॉफ्टवेअर लिहिले. पुढे ते आयआयटी मुंबईच्या वैमानिक अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक झाले. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेची गणिते संगणक आकड्यांच्या ढिगात देतो. मायावी त्या ढिगातून त्रिमितीय चित्र उभे करते. चित्रांसाठी व्हीटीके हे ग्रंथालय आणि खिडक्या-बटणांसाठी टीकेइंटर, अशी त्याची पहिली रचना होती. भाषा अर्थातच पायथन.

११/१७
मायावीच्या दुसऱ्या अवतारात अमेरिकेतील एनथॉट कंपनीची साधने आली. त्यांतील ‘ट्रेट्सयूआय’ची कल्पना मननीय आहे. प्रोग्रामने ‘मला येथे एक संख्या विचारायची आहे’ एवढेच सांगावे. तिची चौकट डब्ल्यूएक्स काढील की क्यूट, हा निर्णय खालच्या थरावर सोडावा. टूलकिटे येतात आणि जातात, हे गृहीत धरूनच केलेली ही बांधणी होती. रामचंद्रन आणि गाएल व्हॅरोको यांनी २०११ मध्ये शोधनिबंधातून मायावीची मांडणी केली. टीकेइंटरवर जन्मलेले सॉफ्टवेअर टीकेइंटर सोडूनही जगले, ते या दूरदृष्टीमुळे.

१२/१७
आता ‘हिंगोली’च्या वेलांटीकडे वळू. भारतीय लिप्यांचा प्रश्न पुण्यात आधीच हाताळला गेला होता. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरांची जुळणी ते कार्डच करी. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आवृत्तीवरून घेतली. उच्चाराच्या क्रमाने साठवायचे आणि लिपीच्या क्रमाने दाखवायचे, हे तत्त्व तेव्हाच रुजले.

१३/१७
युनिकोडने साठवण्याचा प्रश्न सोडवला. दाखवण्याचा प्रश्न उरला. वेलांटी मागे आणणे, जोडाक्षर बांधणे, रफार शिरोभागी चढवणे या क्रियांना अक्षरजुळणी म्हणू. विंडोज २००० मध्ये ती ‘युनिस्क्राइब’ या घटकाने केली. लिनक्सवर २००२ च्या जीटीके २.० सोबत ‘पँगो’ आले. पुढे बेहदाद इस्फहबोद यांनी नव्याने लिहिलेले ‘हार्फबझ’ आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या सर्वांच्या पोटात आहे. रेड हॅटने मुक्त केलेल्या ‘लोहित’ टंकांची निगा त्या कंपनीच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी वर्षानुवर्षे राखली.

१४/१७
टीके मात्र येथे मागे पडले. १९९९ मध्येच टिकल ८.१ ने युनिकोड स्वीकारले होते, म्हणजे सातही संकेतांक सुखरूप पोहोचत. विंडोज आणि मॅकवर टीके मजकूर त्या त्या प्रणालीच्या हाती देई आणि जुळणी आपोआप होई. लिनक्सवर ते एकेक अक्षर सुटे काढत जाई; तेथे जुळणीचा थरच नव्हता. २०१२ च्या ८.६ आवृत्तीतही हीच स्थिती होती. मराठीचे नुकसान वेलांटीपुरते नव्हते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थाचा भेद रफार आणि अर्ध्या ‘र’च्या आकारावर उभा आहे. जुळणी नसली की दोन्ही शब्द मोडतात आणि वाचणाऱ्याला मोडतोडीतून अर्थ शोधावा लागतो.

१५/१७
यात टीकेच्या सांभाळकर्त्यांची अनास्था शोधणे अन्यायाचे ठरेल. औस्टरहाउट यांनी १९९८ मध्ये काढलेली कंपनी २००० मध्ये विकली गेली आणि त्याच वर्षी टिकल-टीकेचा कारभार स्वयंसेवी ‘टिकल कोअर टीम’कडे आला. पुढे ॲपलने २००७ मध्ये ६४-बिट कार्बनचा बेत सोडला आणि मॅकवरील टीके कोको या नव्या पायावर पुन्हा बांधावे लागले. लिनक्समध्ये एक्सची जागा वेलँड घेऊ लागले. प्रत्येक स्थलांतराने तीच मोजकी माणसे आणि तीच मोजकी वर्षे खाल्ली. नवी आवृत्ती ९.० आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी.

१६/१७
लायगोच्या अमेरिकेतील वेधशाळांत हाच इतिहास थरांच्या रूपाने दिसतो. तेथील यंत्रणा टप्प्याटप्प्याने जागेवर आणणारी ‘गार्डियन’ प्रणाली पायथनमध्ये लिहिलेली आहे. नियंत्रण कक्षातील पडद्यांसाठी दीर्घकाळ वापरात असलेले ‘मेडम’ हे साधन मात्र मोटिफवर बांधलेले. त्याच्या नावातले पहिले अक्षरच मोटिफचे आहे. चार किलोमीटर लांबीच्या भुजांतून प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपणारे यंत्र १९८० च्या दशकातील टूलकिटमधून माणसाशी बोलते, कारण कोणीतरी ते टूलकिट चालते ठेवले. हिंगोलीच्या वेधशाळेतही याच जातकुळीचा शोधक बसायचा आहे.

१७/१७
टूलकिटच्या इतिहासात जन्मवर्षे सहज पाठ होतात. त्याचे आयुष्य मात्र पायाखालची जमीन सरकताना ते पुन्हा उभे करणाऱ्यांनी दिलेले असते. मराठी अक्षरेही पडद्यावर सरळ उभी राहिली ती मानक जाहीर झाल्यामुळे नव्हे. पुण्यात आणि जगात अन्यत्र काही जणांनी जुळणीचा थर लिहिला आणि टंकांची निगा राखली म्हणून. जेथे ते काम झाले नाही, तेथे वेलांटी चुकीच्या अक्षरापाशी उभी राहिली. हे सारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यातील दोष कोणालाही वाचता येतो आणि दुरुस्तीही सुचवता येते. हिंगोलीतील एखाद्या महाविद्यालयात लिनक्सवर टीकेइंटरची पहिली खिडकी उघडणाऱ्याने त्या बटणावर आपल्या जिल्ह्याचे नाव लिहून पाहावे. वेलांटी कोठे उमटली, यावरून कोणते काम झाले आणि कोणते अजून उरले आहे, हे त्याला तत्काळ कळेल.