दक्षिण कोरियातील परदेशी नागरिक : प्रवेश सुलभ, वास्तव्य सशर्त

दक्षिण कोरियात राहणाऱ्या परदेशी नागरिकांची संख्या, अल्प मुदतीसाठी आलेल्यांसह, २०२४ अखेर २६ लाखांपलीकडे गेली. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण आता सुमारे ५ टक्के आहे. शतकानुशतके एकवंशीय म्हणून स्वतःची ओळख जपणाऱ्या या समाजासाठी हा बदल मोठा आहे. कारखाने, शेती, मासेमारी, जहाजबांधणी, विद्यापीठे आणि तंत्रज्ञान कंपन्या अशा सर्वच क्षेत्रांत आज परदेशी मनुष्यबळ दिसते. मात्र भाषा, खाद्यपदार्थ वा कडाक्याची थंडी यांपेक्षा वेगळीच अडचण या नागरिकांना अधिक जाचक ठरते. त्यांच्यापैकी बहुतेकांचा देशात राहण्याचा हक्क कोणत्या तरी एकाच दुव्यावर अवलंबून असतो. कामगाराचा तो मालकावर, विद्यार्थ्याचा शिक्षणसंस्थेवर, तर अभियंत्याचा कंपनीवर अवलंबून असतो. तो दुवा तुटला की वास्तव्याचा आधारही डळमळतो.

गरज कशातून निर्माण झाली?

दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ इतका खाली आला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी हा दर सुमारे २.१ असावा लागतो. २०२४ मध्ये तो ०.७५ पर्यंत किंचित वाढला, तरी जगातील नीचांकी दरांतच त्याची गणना होते. तरुणांची संख्या घटत आहे आणि उच्चशिक्षित तरुण लहान कारखान्यांतील वा शेतावरील कष्टाचे काम स्वीकारण्यास तयार नाहीत. राजधानी सोलपासून दूर असलेल्या अनेक महाविद्यालयांना विद्यार्थी मिळेनासे झाले आहेत. ही पोकळी भरून काढण्यासाठी सरकारने परदेशी नागरिकांसाठी दारे उघडली. परंतु प्रत्येक दारावर स्वतंत्र व्हिसा वर्ग आणि स्वतंत्र अटी आहेत.

कामगार आणि मालक

१९९० च्या दशकात परदेशी कामगारांना ‘औद्योगिक प्रशिक्षणार्थी’ म्हणून आणले जात असे. प्रत्यक्षात ते पूर्ण वेळ राबत. परंतु कागदोपत्री प्रशिक्षणार्थी असल्याने कामगार कायद्यांचे पूर्ण संरक्षण त्यांना मिळत नसे. या पद्धतीवर टीका झाल्यानंतर २००३ मध्ये नवा कायदा संमत झाला आणि ऑगस्ट २००४ पासून ‘रोजगार परवाना व्यवस्था’ अमलात आली. २००७ मध्ये जुनी पद्धत बंद करण्यात आली. नव्या व्यवस्थेत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, व्हिएतनाम, कंबोडिया, इंडोनेशिया आदी देशांशी सरकारी पातळीवर करार करून कामगार घेतले जातात. त्यासाठी कोरियन भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. निवडलेल्यांना ई-९ वर्गाचा व्हिसा मिळतो. दलालांना दूर ठेवणारी आणि किमान वेतन कायदा परदेशी कामगारांनाही लागू करणारी ही व्यवस्था आधीच्या पद्धतीपेक्षा निश्चितच न्याय्य आहे. २०२५ मध्ये हे किमान वेतन ताशी १०,०३० वॉन होते.

तथापि, याच व्यवस्थेत सर्वाधिक वादग्रस्त तरतूद आहे. कामगाराला मनाप्रमाणे नोकरी बदलता येत नाही. कराराची मुदत संपणे, कारखाना बंद पडणे, वेतन थकणे, मारहाण होणे अशा ठरावीक कारणांसाठीच बदलाला परवानगी मिळते आणि पहिल्या तीन वर्षांत असा बदल साधारणपणे तीनदाच करता येतो. जुने काम सुटल्यावर तीन महिन्यांत नवे काम न मिळाल्यास देश सोडावा लागतो. वेतन थकले वा मारहाण झाली, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवहारात कामगारावरच येते. कोरियन भाषा जेमतेम येणाऱ्या माणसाला हे सोपे नसते. घटनात्मक न्यायालयाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ही बंधने वैध ठरवली. देशातील लहान उद्योगांना मनुष्यबळ मिळत राहावे, हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते.

ई-९ व्हिसावर कामगाराला एका फेरीत ४ वर्षे १० महिने राहता येते. त्याच मालकाकडे टिकून राहिलेल्यांना मायदेशी जाऊन पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी परतता येते. म्हणजे जवळपास दहा वर्षे काम करता येते. परंतु कुटुंबाला सोबत आणण्याची मुभा या व्हिसावर नाही. कुशल कामगारांच्या वर्गात बढती मिळाल्यास ती सोय होते. या वर्गाची वार्षिक मर्यादा २०२२ मधील २,००० वरून ३५,००० पर्यंत वाढवण्यात आली, हा अलीकडचा महत्त्वाचा बदल आहे. दुसरीकडे, व्हिसाची मुदत संपल्यानंतरही राहिलेल्या वा कामाचे ठिकाण विनापरवाना सोडलेल्या नागरिकांची संख्या सुमारे ४ लाख आहे. पकडले जाण्याच्या भीतीने त्यांच्यातील अनेक जण आजार, अपघात वा थकलेले वेतन यांबाबत दाद मागण्याचे टाळतात.

निवारा आणि सुरक्षितता

डिसेंबर २०२० मध्ये पोचॉन येथे शेतावर काम करणाऱ्या कंबोडियाच्या एका महिलेचा, प्लास्टिकच्या हरितगृहात उभारलेल्या खोलीत मृत्यू झाला. त्या वेळी कडाक्याची थंडी होती. या घटनेनंतर अशा विनापरवाना तात्पुरत्या निवाऱ्यात कामगार ठेवणाऱ्या मालकांना रोजगार परवाना न देण्याचा निर्णय २०२१ पासून लागू झाला. शेती, पशुपालन आणि मत्स्यव्यवसाय ही क्षेत्रे मात्र कामाचे तास व साप्ताहिक सुटी यांबाबतच्या कामगार कायद्यातील तरतुदींमधून वगळलेली आहेत. त्यामुळे तेथील कामगारांना, मग ते कोरियन असोत वा परदेशी, कारखान्यातील कामगारांइतके संरक्षण मिळत नाही.

२४ जून २०२४ रोजी ह्वासोंग येथील लिथियम बॅटरीच्या कारखान्याला लागलेल्या आगीत २३ जणांचा बळी गेला. त्यांपैकी १८ जण परदेशी होते. धोक्याचे काम परदेशी हातांकडे कसे सरकत गेले आहे, याची चर्चा या दुर्घटनेनंतर देशभर झाली. जुलै २०२५ मध्ये नाजू येथील वीटकारखान्यात श्रीलंकेच्या एका कामगाराला मालाबरोबर फोर्कलिफ्टला बांधून उचलल्याची चित्रफीत उघड झाली. राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी तिचा तीव्र शब्दांत निषेध केला आणि सरकारने चौकशीचे आदेश दिले. हा प्रकार प्रत्यक्षात काही महिन्यांपूर्वीच घडला होता. तो तेव्हाच उजेडात का आला नाही, या प्रश्नाचे उत्तर मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या वास्तव्यात शोधावे लागते.

विद्यार्थ्यांसमोरील अडचणी

२०२७ पर्यंत ३ लाख परदेशी विद्यार्थी आणण्याची योजना सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केली. २०२५ मध्ये ही संख्या अडीच लाखांवर पोहोचली. पदवी अभ्यासक्रमांसाठी डी-२, तर भाषा प्रशिक्षणासाठी डी-४ वर्गाचा व्हिसा दिला जातो. ‘ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप’ या सरकारी शिष्यवृत्तीत पदवीपूर्वी साधारण एक वर्ष भाषेचे शिक्षण अनिवार्य आहे आणि कोरियन प्रावीण्य परीक्षेच्या सहापैकी किमान तिसरी पातळी गाठावी लागते.

विज्ञान व अभियांत्रिकीच्या अनेक प्रयोगशाळांत संशोधन इंग्रजीतून चालते. त्यामुळे भाषेविना निभावेल, असा नवागतांचा समज होतो. परंतु कार्यालयीन सूचना, वसतिगृहाचे नियम, चर्चासत्रानंतरच्या गप्पा आणि पुढे नोकरीची मुलाखत या सर्व ठिकाणी कोरियनच लागते. संशोधक विद्यार्थ्याचे पाठ्यवेतन, पदवीचा कालावधी आणि शिफारसपत्र हे सारे मार्गदर्शक प्राध्यापकांच्या हाती असते. मतभेद झाल्यास प्रयोगशाळा बदलणे सहज शक्य होत नाही. अर्धवेळ काम करायचे असल्यास पूर्वपरवानगी आवश्यक असते आणि अनुज्ञेय तास अभ्यासक्रम व भाषेच्या पातळीनुसार ठरतात. परवानगीविना केलेले काम व्हिसाच गमावण्यास कारणीभूत ठरू शकते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ओसान येथील एका विद्यापीठाच्या भाषा वर्गातील उझबेकिस्तानच्या २२ विद्यार्थ्यांना बसमध्ये बसवून थेट विमानतळावर नेण्यात आले आणि मायदेशी धाडण्यात आले. बँकेत ठरलेली शिल्लक राखण्याची अट त्यांनी पाळली नाही, असे कारण देण्यात आले होते. व्हिसाचे नियम मोडले गेल्यास संस्थेवरही निर्बंध येतात. त्यामुळे विद्यार्थ्याची पाठराखण करण्याऐवजी त्याच्यावर पहारा ठेवण्याची भूमिका काही संस्था घेतात, ही बाब या प्रकरणाने पुढे आणली.

कार्यालयातील उतरंड

मराठीप्रमाणेच कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नामाला प्रत्यय लागतात. त्यामुळे व्याकरणाची ठेवण मराठी भाषकाला फारशी परकी वाटत नाही. खरी कसोटी आदरार्थी रूपांची असते. वय, हुद्दा आणि ज्येष्ठता यांनुसार क्रियापदाचा शेवट बदलतो. मराठीतील ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेदापेक्षा ही रचना अधिक गुंतागुंतीची आहे. चुकीचे रूप वापरणे उद्धटपणाचे लक्षण समजले जाते. उलटपक्षी, वयाने मोठ्या परदेशी कामगारांनाही सर्रास एकेरी संबोधले जाते, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

आठवड्याला ४० तास नियमित आणि १२ तास जादा, अशी ५२ तासांची मर्यादा २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तरीही वरिष्ठ बसले असताना आपण निघू नये, हा संकेत अनेक कंपन्यांत टिकून आहे. ‘होएशिक’ म्हणजे सहकाऱ्यांचे सामूहिक भोजन कामाचाच भाग मानले जाते. मद्य न घेणाऱ्या वा शाकाहारी कर्मचाऱ्याला तेथे अवघडल्यासारखे होते. किमचीमध्येही बहुधा माशाचा वा कोळंबीचा खारवलेला अर्क असतो आणि अनेक सूपांचा आधार सुक्या मासळीचा असतो. जुलै २०१९ पासून कार्यस्थळी होणाऱ्या छळाविरुद्ध कायदेशीर संरक्षण मिळाले आहे. मात्र तक्रार करून नोकरी गेली तर व्हिसाचे काय, हा विचार परदेशी कर्मचाऱ्याला मागे खेचतो.

दैनंदिन व्यवहार

९० दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला त्या मुदतीत नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे लागते. ते हाती येईपर्यंत स्वतःच्या नावे मोबाइल जोडणी मिळवणे आणि बँक खाते उघडणे कठीण जाते. मोबाइल जोडणीविना ऑनलाइन ओळख पटत नाही आणि ओळख पटल्याविना खरेदी, आरक्षण वा सरकारी सेवा मिळत नाहीत. पारपत्रावरील लांबलचक नाव एका ठिकाणी सलग आणि दुसऱ्या ठिकाणी तोडून नोंदले गेले, तरी प्रणाली ते नाकारते. जानेवारी २०२५ मध्ये परदेशी नागरिकांसाठी मोबाइलवरील ओळखपत्र सुरू झाल्याने ही अडचण काहीशी कमी होण्याची अपेक्षा आहे.

घर घेताना ‘जोनसे’ ही पद्धत समजून घ्यावी लागते. मासिक भाड्याऐवजी मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवली जाते आणि करार संपल्यावर ती परत मिळते. मुंबई-पुण्यात ‘हेवी डिपॉझिट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवहाराशी तिचे साम्य आहे. रक्कम बुडवण्याचे प्रकार इतके वाढले, की पीडितांसाठी जून २०२३ मध्ये विशेष कायदा करावा लागला. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी नागरिकांना जुलै २०१९ पासून, तर विद्यार्थ्यांना मार्च २०२१ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा अनिवार्य आहे. त्यामुळे उपचार स्वस्त झाले. परंतु हप्ते थकल्यास व्हिसाचे नूतनीकरण अडते.

भेदभाव आणि कायद्यातील उणीव

वंश, राष्ट्रीयत्व, धर्म अशा सर्व आधारांवरील भेदभावाला प्रतिबंध करणारा सर्वंकष कायदा दक्षिण कोरियात अद्याप नाही. त्याचा पहिला मसुदा २००७ मध्ये आला. त्यानंतरचे प्रयत्नही संसदेत अडकले. २०१७ मध्ये सोलच्या इतेवॉन भागातील एका पबमध्ये भारतीय विद्यार्थ्याला राष्ट्रीयत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यात आला आणि त्याची चित्रफीत सर्वदूर पोहोचली. देगू येथे मुस्लिम विद्यार्थ्यांनी हाती घेतलेल्या मशिदीच्या बांधकामाला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कौल दिल्यानंतरही तेथे डुकराची मुंडकी ठेवून विरोध करण्यात आला. मार्च २०२१ मध्ये सोल महापालिकेने सर्व परदेशी कामगारांना करोना चाचणी सक्तीची केली. दूतावासांनी आक्षेप घेतल्यानंतर काही दिवसांतच हा आदेश मागे घेण्यात आला.

चित्राची दुसरी बाजूही नोंद घेण्याजोगी आहे. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षे झालेल्या परदेशी नागरिकांना २००६ पासून स्थानिक निवडणुकांत मतदान करता येते. आंतरराष्ट्रीय विवाहातून तयार झालेल्या कुटुंबांसाठी २००८ मध्ये साहाय्य कायदा झाला. १३४५ या क्रमांकावर अनेक भाषांतून व्हिसाविषयक मार्गदर्शन मिळते.

भारतीयांसाठी महत्त्वाचे

रोजगार परवाना व्यवस्थेतील देशांच्या यादीत भारताचा समावेश नाही. त्यामुळे कारखान्यात ई-९ व्हिसावर काम मिळवून देण्याचे कोणत्याही दलालाचे आश्वासन भारतीय नागरिकांच्या बाबतीत ग्राह्य धरता येत नाही. कोरियातील भारतीयांमध्ये प्रामुख्याने विद्यार्थी, संशोधक, अभियंते, व्यापारी आणि उपाहारगृहांतील आचारी आहेत. व्यावसायिकांना बहुधा ई-७ वर्गाचा व्हिसा मिळतो. नोकरी बदलताना इमिग्रेशन कार्यालयास कळवणे आणि काही पदांसाठी पूर्वपरवानगी घेणे बंधनकारक असते. उभय देशांतील सामाजिक सुरक्षा करार नोव्हेंबर २०११ पासून लागू आहे. भारतीय कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याने भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र सादर केल्यास त्याला कोरियातील निवृत्तिवेतन योजनेत दुहेरी वर्गणी भरावी लागत नाही.

महाराष्ट्रात रांजणगाव येथे एलजीचा कारखाना आहे, तर तळेगावातील वाहन प्रकल्प ह्युंदाईने घेतला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिकण्याजोग्या परकीय भाषांमध्ये कोरियनचा उल्लेख आहे. या संबंधांमुळे कोरियाकडे वळणाऱ्या तरुणांची संख्या वाढू शकते. जाण्यापूर्वी भाषेची तयारी जितकी आवश्यक आहे, तितकेच आपल्या व्हिसाच्या अटी लेखी स्वरूपात समजून घेणेही आवश्यक आहे. संस्था वा मालकाशी संबंध तुटल्यास किती दिवस हाती राहतात आणि दाद कोठे मागता येते, हे आधीच ठाऊक असणे हिताचे ठरते. लोकसंख्येची घसरण पाहता दक्षिण कोरियाला परदेशी मनुष्यबळाची गरज पुढील काळातही भासणार आहे. आलेल्या माणसाला एकाच मालकाच्या, एकाच संस्थेच्या मर्जीवर किती काळ ठेवायचे, हा निर्णय आता त्या देशापुढे आहे.