रक्तदाबाच्या घराण्यातली मुतखड्याची गोळी

हळद काढून, शिजवून, वाळवेपर्यंत वसमत-सेनगावच्या शिवारात माणसं उन्हात राबतात. घाम जातो तेवढं पाणी पोटात जात नाही आणि लघवी घट्ट होते. मुतखड्याला एवढं निमित्त पुरतं. मग कधीतरी पाठीतून जांघेकडे कळ उतरते. घरात आधी हुलग्याचा काढा होतो, कळ थांबली नाही की दवाखाना. तिथे वेदनाशामक इंजेक्शन, सोनोग्राफी आणि चिठ्ठीवर टॅमसुलोसिन.

ही खडा विरघळवणारी गोळी, असा अनेकांचा समज असतो. तिचा खड्याशी काही संबंध नाही. तिचा सगळा व्यवहार वाटेशी.

तिचं मूळ घराणं अल्फा ब्लॉकरांचं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करायचे, हा या घराण्याचा धंदा. म्हणून त्यातली प्राझोसिन रक्तदाबावर वापरात आली. तसेच स्नायू प्रोस्टेटमध्येही असतात. जेरुसलेमच्या मार्को केन यांनी १९७६ मध्ये फिनॉक्सिबेन्झामाइन या जुन्या अल्फा ब्लॉकरने प्रोस्टेटपाशी अडलेली लघवी मोकळी होते, हे दाखवलं. अडचण एकच, रक्तदाबही उतरायचा आणि भोवळ यायची. यामानोउची या जपानी कंपनीने मग मुख्यतः मूत्रमार्गावरच चालेल असं टॅमसुलोसिन घडवलं. १९९३ मध्ये ते जपानच्या बाजारात आलं, तेही प्रोस्टेटसाठीच.

मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला हेच स्नायू असतात आणि खडा बहुधा तिथेच अडतो. इटलीत बोर्गी यांनी १९९४ मध्ये निफेडिपिन हे रक्तदाबाचं औषध स्टेरॉइडसोबत देऊन खडे लवकर पडतात, असं मांडलं होतं. २००० नंतर टॅमसुलोसिनने त्याची जागा घेतली. अशी म्हाताऱ्या पुरुषांची गोळी तरुण बायकांच्याही चिठ्ठीवर आली. माहितीपत्रकात ‘प्रोस्टेट’ वाचून त्या दचकतात, ते साहजिकच.

पुढे गंमत झाली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या २४ रुग्णालयांतल्या अकराशेहून अधिक रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. टॅमसुलोसिन असो, निफेडिपिन असो की नुसती खोटी गोळी, चार आठवड्यांत सुमारे ८० टक्के रुग्णांना पुढच्या उपचारांची गरजच पडली नाही. म्हणजे बरेच खडे आपसूक पडतात आणि श्रेय गोळीला मिळतं. हुलग्याच्या काढ्यालाही त्यातला वाटा मिळत असणारच! २०१८ मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चिनी चाचणीने मात्र गोळीची बाजू थोडी सावरली: मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या, पाच मिलिमीटरहून मोठ्या खड्यांना ती मदत करते. आज तिचा खरा उपयोग एवढाच. त्याहून बारीक खड्यासाठी सरसकट लिहिलेली चिठ्ठी सवयीची म्हणावी लागेल.

औषधाने विरघळतो तो युरिक आम्लाचा खडा. त्यासाठी पोटॅशियम सायट्रेटने लघवीची आम्लता कमी करतात. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, ते असे विरघळत नाहीत. म्हणून लघवी गाळून घ्या आणि पडलेला खडा तपासायला द्या. कळेसोबत थंडी-ताप आला किंवा लघवीच बंद झाली, तर गोळीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.