घोडबंदर रोड: दोन महामार्गांमधला दुवा

ठाण्यातल्या मानपाड्याचा किंवा वाघबीळचा माणूस बेधडक सांगतो, "आम्ही घोडबंदरला राहतो." मूळ घोडबंदर गाव मात्र गायमुखचा घाट ओलांडल्यावर, मिरा-भाईंदरच्या हद्दीत येतं. तिथे टेकाडावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि खाली वसईची खाडी. अरब व्यापारी इथे घोडे उतरवत, म्हणून हे नाव, असं सांगतात.

त्या काळी इथला हमरस्ता म्हणजे खाडीच. ठाण्याजवळ उल्हास नदीचे दोन फाटे होतात: एक दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत, दुसरा पश्चिमेला वसईकडे. हे पाणी ज्याच्या हाती, त्याचं साष्टी बेट. म्हणून 1737च्या साष्टी मोहिमेत मराठ्यांनी ठाण्याबरोबर घोडबंदरही घेतलं. वसई पडायला 1739 उजाडलं.

पुढे रस्ताही त्याच काठाने गेला. जाणार तरी कुठून? एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत कासारवडवली, ओवळ्यासारखी गावं. लांबी 20 किलोमीटरांच्या आतच. पण माजिवड्याला मुंबई-आग्रा आणि फाउंटन नाक्याला मुंबई-अहमदाबाद असे दोन महामार्ग या रस्त्याने जोडले. न्हावाशेवा बंदर 1989मध्ये सुरू झालं आणि गुजरातकडे जाणारे कंटेनरही इथूनच जाऊ लागले. घोडे गेले, बंदराचा माल राहिला.

वाहतुकीचा गोंधळ झाला तो वस्तीमुळे. ठाण्याची महापालिका 1982ची. त्यानंतर शहर या पट्टीत पसरलं, पातलीपाड्याला हिरानंदानी इस्टेट उभी राहिली आणि लांबच्या गाड्यांचा रस्ता शाळेच्या बसचा, भाजी आणायचा रस्ता झाला. मग उड्डाणपूल आले, अवजड वाहनांना वेळा बांधून दिल्या. तरी घाटात एक ट्रेलर बंद पडला की माणसं तासन्‌तास अडकतात. मेट्रोची आशा सगळ्यांना आहे. ती प्रवासी नेईल, पण कंटेनर रस्त्यावरच राहतील. माझ्या मते खरी गरज ट्रकांना वेगळी वाट देण्याची आहे. बाळकुमपासून खाडीकिनाऱ्याने नवा रस्ता आखलाय, पण तो गायमुखपर्यंतच. पुढे घाट टाळून फाउंटनला नेणारा बोगदा व्हायचा होता. त्याची निविदा एमएमआरडीएने 2025मध्ये रद्द केली.